शिडीला बांधलेले पट्टे

मेळ्याच्या चौथ्या दिवशी मी एका माणसाचे दोन दात पाडले. माझं वय सहासष्ट, त्याचं फार तर पस्तीस असेल. मेळ्याच्या गावातल्या पेट्रोलपंपावर, भर सकाळी, पन्नास लोकांसमोर. हेल्मेट हातातच होतं, तेच घातलं तोंडावर.

कारण सांगितलं तर हसाल. दर ऑगस्टला ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत मोटरसायकलवाल्यांचा मेळा भरतो, आणि तिथे दोन जाती असतात. एक घरापासून बाइक चालवत येणारे, दुसरे मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मागे बाइक लादून आणणारे. मी दुसऱ्यांतला. माझा उजवा खुबा बदललेला आहे. माझ्या केअर्नी गावापासून इथवर आठ-नऊ तास बाइकवर बसलो तर उतरवायला चार माणसं लागतील. म्हणून मोटरहोमच्या पाठीला लिफ्ट बसवून घेतली आहे. म्हणजे एक आडवा लोखंडी पाट. बटण दाबलं की जमिनीवर येतो, बाइक त्यावर आडवी चढवायची, चारी बाजूंनी पट्टे आवळायचे, पुन्हा बटण दाबलं की पाट बाइकसकट दोन फूट वर. मग पिना घालायच्या आणि निघायचं.

मेळ्याच्या चाळीस मैल अलीकडे आम्ही सगळे लादून आणणारे एका पंपावर थांबतो, बाइक उतरवतो, कातडी जाकिटं चढवतो आणि तिथून रुबाबात आत शिरतो. माझा शेजारी डेल्मर तर टाकीवर सरबत शिंपडून वर धूळ चिकटवतो, म्हणजे आयोवापासून चालवत आल्यासारखं दिसतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. तो गडी बोलला.

"काय आजोबा, उतरवलं का बाळाला पाळण्यातून?"

आणि पाळणा हा शब्द त्याचा नव्हता. तो माझ्या जावयाचा होता. ब्रॉडीने आदल्या दिवशी बिअरच्या तंबूत उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, "माझा सासरा बाइक पाळण्यात घालून आणतो, वरून पांघरूण घालतो, फक्त दूध पाजायचं बाकी असतं." तंबूभर लोक खिदळले होते. तेव्हा मी गप्प बसलो. मग दुसऱ्या दिवशी तो शब्द एका परक्याच्या तोंडून आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मारायचं होतं एकाला, सापडला दुसरा. माझ्या बाबतीत हे नेहमीचंच आहे.

ब्रॉडी खूश झाला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा रे म्हाताऱ्या! दम आहे अजून." माझी मुलगी कॉरिन त्याच्या मागे उभी होती. ती जमिनीवर पडलेल्या दातांकडे बघत राहिली.

कॉरिनबद्दल सांगायला हवं. ती माझी एकुलती एक. वय एकतीस. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत, मिटत नाहीत. ती बोटं ब्रॉडीने गाडीच्या दारात धरून दार लावलं म्हणून तशी आहेत. ब्रॉडी जिलेटला कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो, सव्वासहा फूट उंच, मान बैलासारखी. मारतो. प्यायला की मारतो असं नाही, न पितासुद्धा मारतो.

मग बाप काय करत होता, असं विचाराल. बापाने केलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याभोवतालचं काळं वर्तुळ पाहिलं आणि मी सरळ जिलेटला गेलो. ब्रॉडीने दार उघडलं तसं त्याचं नाक फोडलं. त्याच्याच ओट्यावर, त्याच्याच शेजाऱ्यांदेखत. छाती भरून घरी आलो. बायकोला, आर्लिसला, रंगवून सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ती बोटं दारात सापडली. "बापाला सांगतेस?" असं विचारत त्याने दार लावलं होतं. तेव्हापासून कॉरिनने मला काही सांगणं बंद केलं. फोनवर हवापाणी, कुत्र्याची तब्येत, बस्स.

मेळ्याला ते दोघे दरवर्षी यायचे. तो बाइक चालवत यायचा, ती मागे बसून. मी लादून जायचो ते खरं तर तिला चार दिवस डोळ्यांनी बघता यावं म्हणून.

दातांचं प्रकरण झालं त्याच दुपारी ब्रॉडीच्या बाइकने दगा दिला. चढावर इंजिन खडखडलं, धूर आला आणि जाम झालं. तीनशे साठ किलोचं धूड त्याने दोन मैल ढकलत आणलं. वाटेत लादून आणणाऱ्या म्हाताऱ्यांनी हॉर्न वाजवून वाजवून त्याचा सत्कार केला. कँपात आल्यावर त्याने एक खुर्ची मोडली आणि कुणाचा तरी कूलर लाथ मारून उलटा केला. मी मजेत बघत होतो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कॉरिन माझ्या मोटरहोममध्ये आली. मी तव्यावर अंडी फोडत होतो.

"तो झोपलाय. दहा मिनिटं आहेत माझ्याकडे. बाबा, ऐक. मध्ये बोलू नकोस."

"बोल."

"त्याला सांग, इंजिन तू दुरुस्त करून देशील. केअर्नीला, तुझ्या शेडमध्ये. फुकट. बाइक तुझ्या लिफ्टवर घालून आपण तिघं जाऊ."

"त्या हरामखोराचं इंजिन मी..."

"बाबा! मध्ये बोलू नकोस म्हटलं ना." तिने गॅस बंद केला. "मी परत जिलेटला जाणार नाहीये. घरी पोचले की संपलं. आईने वकील बघितलाय. घटस्फोटाचे कागद तयार आहेत. माझ्याबरोबर शाळेत होता तो रँडल आठवतो? तो आता तिथल्या शेरिफकडे आहे, तो घरी येऊन थांबणार आहे. ब्रॉडी मोटरहोममधून उतरला की त्याच्या हातात कागद, आणि मी आईच्या मागे. एवढंच. जिलेटमध्ये हे होत नाही, तिथे सगळे त्याचे भाऊ नि मित्र. गाडीची किल्ली त्याच्याकडे, पैसे त्याच्याकडे. केअर्नीला तो आपण होऊन आला तरच. काल त्याचं इंजिन गेलं आणि निमित्त मिळालं."

आर्लिसला हे सगळं माहीत होतं. मला नव्हतं. मायलेकींनी महिनाभर मला पत्ता लागू दिला नव्हता.

"मला का नाही सांगितलंत?"

"कारण तू तू आहेस," ती म्हणाली. मग जरा नरमली. "नऊ तास, बाबा. नऊ तास फक्त. तो मला शिव्या देईल, ढकलेल, कदाचित जास्तही. तू बघायचं नाही. हात खिशात ठेवायचा. त्याला जरा जरी वास लागला ना, तर तो वाटेतच उतरेल, मला घेऊन. आणि मग मी कधीच सुटणार नाही. हात खिशात. कबूल?"

"कबूल."

"माझी शपथ घे."

घेतली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. आर्लिसने वरची खोली रंगवून ठेवली आहे, पडदे निळे लावलेत, असं ती हसत सांगत होती, आणि मला तिचं ते हसू किती वर्षांनी दिसतंय याचा हिशेब लागेना. मी ठरवलं की आयुष्यात एकदा, एकदाच, सांगितल्याप्रमाणे वागायचं.

ब्रॉडीने आधी डोळे बारीक केले. "फुकट? का रे? मरायला टेकलास की काय?"

"मुलीसाठी," मी म्हणालो. हे खरंच होतं.

"आणि माझी बाइक तुझ्या पाळण्यात?"

"मग खांद्यावर घे आणि चल जिलेटला."

डेल्मर जोरात हसला. ब्रॉडीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो हसू गिळून कॉफी ढवळायला लागला. पण नवीन इंजिनाची किंमत ब्रॉडीला माहीत होती. थोड्या शिव्या देऊन तो तयार झाला. माझी स्वतःची बाइक मी डेल्मरच्या ट्रेलरवर चढवली, तो पुढच्या आठवड्यात पोचवणार होता. लिफ्ट रिकामी झाली.

आता आमच्यात एक रीत आहे, ती लिहून ठेवलेली कुठे नाही पण पाळतात सगळे. बाइक ज्याची, पट्टे तो बांधतो. लिफ्ट ज्याची, बटण तो दाबतो, आणि दाबण्याआधी चारी पट्ट्यांवरून हात फिरवतो. आकडा कुठे अडकलाय बघतो, पट्टा ओढून बघतो, मग बाइकला खांदा लावून हलवतो. तोवर बाकीच्यांनी तोंड मिटून उभं राहायचं. मी वीस वर्षांत एकदाही हात फिरवल्याशिवाय बटण दाबलेलं नाही. लहानपणी कॉरिन माझ्या मागून हात फिरवत यायची, "पास, पास, पास, पास" म्हणत.

पाट जमिनीवर टेकवला. ब्रॉडी, डेल्मर आणि मी मिळून ते धूड वर ढकललं. मग मी माझ्या जागी गेलो, डाव्या कोपऱ्याला, बटणाची डबी हातात घेऊन. डबीला लांब वायर असते, सहा-सात फूट दूर उभं राहता येतं. ब्रॉडी पट्टे बांधायला लागला. कॉरिन एकेक पट्टा त्याला देत होती.

ऊन तापलं होतं. बाहेरचे, म्हणजे रस्त्याच्या बाजूचे दोन पट्टे त्याने बरोबर बांधले, पाटाच्या कडेच्या कड्यांना, करकर आवळून. माणूस ताकदीचा, पट्टे तारेसारखे ताठ केले. मग मोटरहोमच्या बाजूचे दोन. त्या बाजूला बाइक आणि मोटरहोम यांच्यात जेमतेम हातभर जागा असते. पाटावरची कडी शोधायला गुडघ्यावर बसून आत हात घालावा लागतो. ब्रॉडी बसला नाही. त्याच्या डोक्याच्या उंचीवर मोटरहोमच्या टपाची शिडी होती. त्याने एक आकडा हँडलला लावला, दुसरा शिडीच्या पायरीला. मागचा पट्टाही तसाच, सीटखालून शिडीला. दोन्ही आवळले.

जन्मभर पिकअपमध्ये बाइक बांधणारे हीच चूक करतात. पिकअपमध्ये कुठेही बांधलं तरी चालतं, कारण सगळंच एका जागी असतं. लिफ्टवर तसं नाही. पाट वर चढतो, शिडी चढत नाही. पाट दोन फूट वर गेला की शिडीला बांधलेले पट्टे ढिले पडतात, आणि रस्त्याच्या बाजूचे दोन, ते तर तारेसारखे ताठ, बाइकला बाहेर खेचतात. बाहेर म्हणजे जिथे ब्रॉडी उभा होता तिथे.

मी तोंड उघडलं. सांगणारच होतो, आईशप्पथ. "अरे गाढवा, शिडीला नाही," एवढं जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात त्याला जादा पट्टा हवा झाला. कॉरिनने दिला, पण तो पिळला गेला होता. वाकड्या बोटांनी तिला तो नीट सोडवता येईना.

"आंधळी आहेस का?" म्हणत त्याने पट्टा तिच्या हातातून हिसकला आणि तसाच उलटा फिरवला. लोखंडी आकडा तिच्या भुवईवर बसला. आवाज आला, लाकडावर हातोडी बसल्यासारखा. ती खाली बसली. रक्त डोळ्यात, गालावर, गळ्यावर. डेल्मर "ए, ए" करत दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"काय ए?" ब्रॉडी त्याला म्हणाला. "तुझी बायको आहे का ती?"

कॉरिनने एका हाताने भुवई दाबली आणि माझ्याकडे पाहिलं. रक्ताआडून तिने मान हलवली, सावकाश, डावीकडून उजवीकडे. नको. हात खिशात.

मी हात खिशात घातला. उजवा. डाव्यात डबी होती.

"कॉरिन," मी म्हणालो, "आत जा. बर्फ लाव त्याला."

माझा आवाज इतका शांत होता की मलाच परका वाटला. ती उठली, मोटरहोमच्या दाराकडे गेली. पायरीवर चढताना तिने एकदा वळून पाहिलं. मला वाटतं, मी शब्द पाळला म्हणून तिला बरं वाटलं असावं.

डेल्मरला म्हणालो, "तू जरा मागे हो."

तो मागे झाला. ब्रॉडी सीटवर हात ठेवून, बाइकला बाहेरून टेकून उभा होता, दुसऱ्या हाताने कपाळावरचा घाम पुसत. मला म्हणाला, "बघतोस काय? हात फिरव तुझा देवासारखा आणि दाब बटण. का झोप लागली, म्हाताऱ्या?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, मग शिडीकडे, मग पुन्हा त्याच्या डोळ्यांत. आणि अंगठा दाबला.

लिफ्ट सावकाश चढते. अर्ध्या मिनिटाचं काम. पहिली काही सेकंदं काहीच झालं नाही. मग शिडीचे पट्टे सैल पडले, लोंबले. ब्रॉडीला ते दिसत नव्हतं, त्याच्या आणि पट्ट्यांच्या मध्ये बाइक होती. बाइकने एकदा झोका खाल्ला. त्याला वाटलं सावरेल, म्हणून त्याने दोन्ही हात लावले. तीच त्याची चूक. मागे उडी मारली असती तर वाचला असता, पण ब्रॉडी कधी मागे सरला नव्हता. तीनशे साठ किलो त्याच्या छातीवर कलंडले, तो पाठीवर आदळला आणि बाइक त्याच्या कमरेवर. हाडं मोडल्याचा आवाज मी आधीही ऐकला होता. असा नव्हता ऐकला. ओली फांदी पिळून तोडावी तसा, आणि एकदा नाही, तीनदा.

आणि माझा अंगठा बटणावरच होता. पाट चढतच होता. बाहेरचे पट्टे तुटले नव्हते, त्यामुळे बाइकची चाकं पाटाबरोबर वर जात होती आणि हँडल त्याच्या पोटात शिरत होतं. तो ओरडत होता. टाकीचं झाकण उडालं, पेट्रोल त्याच्या तोंडावर सांडत होतं, तो ओरडायचा, गुदमरायचा, पुन्हा ओरडायचा. डेल्मर किंचाळला, "लेलँड! सोड! बटण सोड!"

मी सोडलं. लगेच नाही सोडलं. हे मी त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. डेल्मरची हाक ऐकली, कळली, आणि मग मनात एक-दोन-तीन मोजून सोडलं. मला बरं वाटत होतं. दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आठ जणांनी धावत येऊन बाइक उचलली. ब्रॉडीचा एक पाय भलतीकडे वळला होता, गुडघ्याच्या वरून. कंबर चपटी झाल्यासारखी दिसत होती. कॉरिन दारातून बाहेर आली, बर्फाची पिशवी भुवईला धरून. तिने आधी त्याला पाहिलं. मग शिडीवर लोंबणारे पट्टे पाहिले. मग मला. ती त्याच्याजवळ मातीत बसली आणि स्वतःच्या गळ्यातल्या रुमालाने त्याच्या डोळ्यांतलं पेट्रोल पुसायला लागली.

शेरिफचा माणूस अॅम्ब्युलन्सच्या पाठोपाठ आला. तरुण होता, उन्हाने लाल झालेला.

"पट्टे कोणी बांधले?"

"त्याने," डेल्मर म्हणाला. "पिकअपवाले सगळे हेच करतात, साहेब. दरवर्षी एक तरी असतो."

"आणि बटण?"

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही बघितलं नाहीत बांधलेलं?"

"मुलीला लागलं होतं. लक्ष तिकडे होतं."

खोटं इतकं सहज आलं. त्याने लिहून घेतलं, मला त्याचं कार्ड दिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "स्वतःला दोष देऊ नका." कँपातल्या म्हाताऱ्यांनी मला बिअर आणून दिली.

रॅपिड सिटीच्या हॉस्पिटलात त्याच्यावर पाच तास शस्त्रक्रिया चालली. कंबरेचं हाड चार ठिकाणी, मांडी दोन ठिकाणी, मूत्राशय फाटलेलं. जगणार होता. चालेल की नाही हे वर्षभराने कळणार होतं. संध्याकाळी त्याला शुद्ध आली आणि कॉरिन आत गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली. भुवईवर सात टाके होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर न बसता ती समोर उभी राहिली.

"दिसलं होतं ना तुला?"

मी मान खाली घातली.

"मला आत पाठवलंस. डेल्मरला मागे केलंस. हात फिरवला नाहीस. दिसलं होतं."

"हो."

"का, बाबा?"

"त्याने तुला मारलं. माझ्या डोळ्यांदेखत. रक्त..."

"मारलेलं मी मोजत नाही!" नर्सने वळून बघितलं तशी ती आवाज खाली आणून म्हणाली, "मी तास मोजत होते. नऊ तास. आणखी एक टोला काय जास्त होता मला? मी दोनशे खाल्लेत. तुला नाही सोसवला. तुला कधीच सोसवत नाही. आणि तू म्हणतोस माझ्यासाठी."

"आता तर सोपं झालं," मी म्हणालो. खरंच मला असं वाटत होतं, लाज वाटते सांगायला. "तो वर्षभर उठत नाही. चल ना माझ्याबरोबर. आत्ता चल."

ती हसली. सकाळचं हसू नव्हतं ते.

"त्यालाही दिसलंय. तू आधी शिडीकडे बघितलंस, मग त्याच्याकडे, मग बटण दाबलंस. त्याने मला शब्दाशब्दाने सांगितलं. पेट्रोल पोटात गेलंय, तोंड सुजलंय, तरी सांगितलं. म्हणाला, तू राहिलीस तर हा अपघात आहे. तू गेलीस तर तुझा बाप तुरुंगात मरेल. निवड कर."

कॉरिडॉरच्या टोकाला कॉफीचं यंत्र घरघरत होतं.

"त्याचा भाऊ उद्या येतोय," ती म्हणाली. "पलंग दिवाणखान्यात घालू, जिना नको. तीन महिने मीच सगळं करायचं आहे, भांडं लावण्यापासून. नंतरचं नंतर."

"कॉरिन, मी सांगतो त्यांना. मीच जाऊन सांगतो."

"तू?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं, डेल्मरच्या ट्रेलरकडे पाहावं तसं, किती वजन पेलेल याचा अंदाज घेत. "नाही सांगणार तू. मारायचं असतं तर गेला असतास. घरी जा, बाबा. आई वाट बघतेय."

आणि मी गेलो. हेच ते. मोटरहोम हॉस्पिटलच्या आवारात लावून रात्रभर त्यात पडून राहिलो, ते कार्ड खिशात होतं, फोन उशाशी होता, आणि मी सांगितलं नाही. सहासष्ट वर्षांत मी माझ्याहून तगड्या माणसांना भिडलो आहे. सुरी घेऊन आलेल्यालाही भिडलो आहे. पण लोखंडी दार, अरुंद खाट, आणि आपल्याला कुणीतरी उठ-बस म्हणणार, या नुसत्या विचाराने मी फोन पालथा घातला. मुलगी तिथे राहतेय याचं दुःख होतं, आणि त्याखाली, अगदी तळाशी, आपण वाचलो याचं बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची मला अजून शिसारी येते.

पहाटे निघालो, दुपारी केअर्नीला पोचलो. अंगणात रँडलची गाडी होती. तो कागद घेऊन ओट्यावर बसला होता. आर्लिस काठी टेकत पायऱ्या उतरून आली, तिचा गुडघा नुकताच बदलला होता. तिला मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं की ब्रॉडीला अपघात झालाय, उशीर होईल. तिने माझ्या मागच्या दाराकडे पाहिलं. दार मिटेपर्यंत पाहत राहिली.

"कुठे आहे?"

रँडलला मी घरी जा म्हणालो. आर्लिसला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं. शिडी, पट्टे, भुवई, अंगठा. मनातल्या मनात मोजलेले एक-दोन-तीनसुद्धा. ब्रॉडीची अटही सांगितली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा रंगवून सांगितलं नाही.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. टेबलावरच्या ताटातले चुरे बोटाने गोळा करत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे तू सांगितलंस तर त्याच्या हातात काहीच उरत नाही."

"हो."

"कार्ड आहे ना त्या माणसाचं?"

मी काढून टेबलावर ठेवलं. खिशातल्या घामाने ते दुमडलं होतं. तिने चष्मा लावला, नंबर वाचला आणि फोन जवळ ओढून एकेक आकडा दाबायला लागली.

"आर्लिस," मी म्हणालो. "मला आत टाकतील गं. या वयात."

"हो, टाकतील," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे घंटा वाजत होती. मग त्या तरुण पोराचा आवाज आला. मी माझं नाव सांगितलं, आणि म्हणालो की काल लिहून घेतलंत ते खोडा, आता सांगतो ते लिहा.